जुने जेट विमान कसे घेतात? जुना ट्रक घेणाऱ्यांनीही वाचावे

सिहोऱ्याकडचे एक धान व्यापारी मागे आम्हाला भेटले. त्यांनी जुना मिनी ट्रक घेतला होता. रंग नवा, टायर नवे, इंजिनाचा आवाज गोड आणि विकणारा ओळखीचा. पैसे रोख मोजले, कोऱ्या फॉर्मवर सही घेतली आणि गाडी घरी आणली. चार महिन्यांनी धानाची पोती भरून तुमसरला जाताना फायनान्सवाल्यांच्या माणसांनी गाडी अडवली. आधीच्या मालकाचे हप्ते थकलेले होते. पोती रस्त्यावर उतरवली गेली आणि गाडी गेली. विकणाऱ्याचा फोन बंद. दोन हंगामांची कमाई एका दुपारी बुडाली.

अशा कहाण्या आमच्याकडे वरचेवर येतात. ट्रकची, थ्रेशरची, राइस मिलच्या मोटारीची, खराद मशीनची. माल बदलतो, चूक तीच असते. म्हणून या खेपेला आम्ही एक वेगळा विषय घेतला आहे. जुना माल अत्यंत काटेकोरपणे विकत घेणारा एक बाजार जगात आहे, तो म्हणजे जुन्या जेट विमानांचा. आमच्या वाचकांपैकी कोणी उद्या विमान घ्यायला निघणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कोट्यवधी रुपये मोजणारे लोक जुनी वस्तू कशी पारखतात, हे कळले तर आपले लाख-दोन लाख नक्कीच वाचतील.

शिवाय विमान ही गोष्ट आता भंडारा-गोंदियाला फार दूरची राहिलेली नाही. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे आणि आज तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. तेथेच फ्रान्सची दसॉ कंपनी आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतील कारखान्यात फाल्कन २००० या बिझनेस जेटचे भाग तयार होतात. संपूर्ण फाल्कन २००० नागपुरात जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली असून पहिले विमान २०२८ पर्यंत बाहेर पडावे असे ठरले आहे. आपल्या भागातील फिटर, वेल्डर, शिवणकाम करणारे कारागीर यांच्या मुलांनी या धंद्याची भाषा समजून घ्यायला हरकत नाही.

लहान जेट म्हणजे काय?

सहा ते आठ उतारू, दोन वैमानिक, दोन इंजिने आणि भरल्या वजनाने साधारण नऊ टनांपर्यंतचे विमान, याला लहान जेट म्हणतात. ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने ते जाते, म्हणजे नागपूर-मुंबई सव्वा ते दीड तासात. सेसना कंपनीची सायटेशन मालिका, ब्राझीलच्या एम्ब्रेयरचे फेनॉम, होंडा कंपनीचे होंडाजेट ही त्यातील ठळक नावे. लिअरजेट हे या धंद्यातले जुने नाव. त्याचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले, तरी जुनी लिअरजेट विमाने आजही उडत आहेत.

नवे फेनॉम ३०० घ्यायचे तर एक कोटी डॉलरच्या पुढे जावे लागते. पंधरा-वीस वर्षांचे लहान जेट मात्र वीस ते चाळीस लाख डॉलरमध्ये मिळू शकते, म्हणजे ढोबळमानाने सतरा-अठरा ते पस्तीस कोटी रुपये. नव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात तीच सवारी! भल्याभल्यांची फसगत येथेच होते.

घेण्याची किंमत आणि पाळण्याची किंमत

म्हैस स्वस्तात मिळाली म्हणून चारा स्वस्त होत नाही. विमानाचेही तसेच आहे. जुने विमान चौथ्या हिश्शात मिळाले तरी त्याचे सुटे भाग, वैमानिकांचे पगार, विमा, हँगरचे भाडे आणि इंधन हे सगळे नव्याच्याच भावाने द्यावे लागते, कधी त्याहूनही जास्त.

लहान जेट तासाला पाचशे ते सातशे लिटर इंधन पिते. सहाशे लिटर आणि लिटरला ९५ रुपये धरले, तरी एका तासाचे ५७ हजार झाले. हा खर्च विमान उडाले तरच होतो. पण दोन वैमानिकांचा पगार, विमा, हँगर आणि ठरलेल्या तारखांच्या तपासण्या हा खर्च विमान वर्षभर जागेवर उभे राहिले तरी चुकत नाही. म्हणून या धंद्यातील जाणकारांचा ठोकताळा असा की वर्षाला दोनशे तासांपेक्षा कमी उडायचे असेल तर विमान विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे.

मिनी ट्रकलाही हाच हिशेब लागू आहे. महिन्यात पंधरा दिवस गाडी दारात उभी राहणार असेल, तर गाडीपेक्षा भाडे परवडते.

ज्यांना एकट्याला विमान झेपत नाही ते भागीदारीत घेतात. अमेरिकेत नेटजेट्स कंपनीने १९८६ मध्ये एका विमानाचे हिस्से विकण्याची पद्धत सुरू केली. हिस्सेदाराच्या वाट्याला वर्षाचे ठरावीक तास येतात आणि खर्चही त्याच प्रमाणात येतो. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्यांसाठीही या क्षेत्रात वाटा निघाल्या आहेत. २०१५ मध्ये दुबईच्या एमिरेट्सने चार ए-३८० विमानांसाठी ९१ कोटी ३० लाख डॉलरचे सुकूक काढले आणि त्याला ब्रिटनच्या सरकारी निर्यात हमी संस्थेने हमी दिली. भाडेतत्त्वाची म्हणजे इजाऱ्याची पद्धत तर विमानांच्या धंद्यात सर्रास चालते. थोडक्यात, भागीदारी आणि भाडेपट्टा या मोठ्यांच्या धंद्यातल्याही रोजच्या गोष्टी आहेत. फरक एवढाच की ते प्रत्येक गोष्ट लेखी करतात आणि आपण तोंडी.

कागद आधी, विमान नंतर

आपल्याकडे गिऱ्हाईक आधी गाडी पाहते, चालवून बघते आणि शेवटी कागद मागते. जेटचा जाणकार खरेदीदार उलट करतो. तो प्रथम लॉगबुक मागतो.

विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनचे प्रत्येक उड्डाण, प्रत्येक दुरुस्ती आणि बदललेला प्रत्येक महत्त्वाचा भाग लॉगबुकात सहीनिशी नोंदलेला असावा लागतो. एखादे लॉगबुक हरवले तर विमान दिसायला कितीही देखणे असो, त्याची किंमत धाडकन उतरते. कारण साधे आहे. भाग बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललाच नाही असे धरावे लागते आणि ते काम पुन्हा करावे लागते.

लॉगबुकात तीन आकडे पाहतात. एक, विमान किती तास उडाले. दोन, किती वेळा उडाले आणि उतरले. उंचावर विमानाच्या आत हवेचा दाब राखावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचा पिंजरा टायरसारखा फुगतो आणि उतरताना सैल होतो. हे जितक्या वेळा घडते तितका धातू थकतो. त्यामुळे तीन-तीन तासांची लांब उड्डाणे केलेले विमान आणि अर्ध्या-अर्ध्या तासाची केलेले विमान यांचे तास सारखे असले तरी दुसऱ्याचे अंग जास्त झिजलेले असते. तीन, कॅलेंडर. काही तपासण्या विमान उडो वा न उडो, ठरलेल्या महिन्यांनी कराव्याच लागतात.

‘फारच कमी उडालेले विमान’ ही जाहिरात ऐकून नवखा खूश होतो आणि जाणकार सावध होतो. उभ्या विमानाची रबरी सीलं सुकतात, इंधनाच्या टाकीत ओल धरते, समुद्रकाठी ठेवले असेल तर गंज लागतो. वर्षभर बंद पडलेल्या राइस मिलचे पट्टे आणि बेअरिंग यांची काय दशा होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

लॉगबुकानंतर मालकीचा शोध. आपण शेत घेताना सात-बारा पाहतो आणि इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते तपासतो. विमानाचीही अशी नोंद असते. लहान जेट विमाने सर्वाधिक अमेरिकेत आहेत आणि तेथील नोंदवही ओक्लाहोमा सिटी या शहरात ठेवली जाते. याशिवाय २००१ च्या केपटाउन करारानुसार विमानांवरील कर्जाच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय नोंद आयर्लंडमधील डब्लिन येथे होते. भारत या करारात २००८ मध्ये सामील झाला आणि त्यासाठीचा स्वतंत्र कायदा २०२५ मध्ये केला. या नोंदींत बोजा निघाला तर तो फिटल्याचा कागद हातात येईपर्यंत पुढचे पाऊल पडत नाही.

इंजिनाची भिशी

जुन्या जेटची निम्मी कथा इंजिनात असते. लहान जेटची इंजिने प्रकारानुसार साधारण साडेतीन ते पाच हजार तास चालली की पूर्ण खोलून नवी करावी लागतात. मध्यावर गरम भागाची एक मोठी तपासणी असते. एका इंजिनाच्या ओव्हरहॉलला लाखो डॉलर लागतात आणि इंजिने दोन असतात. म्हणजे तीनशे तासांनी ओव्हरहॉल येणारे विमान दहा लाख डॉलरने स्वस्त मिळाले, तरी ते स्वस्त असेलच असे नाही.

यावर त्या लोकांनी एक तोड काढली आहे. विमान जितके तास उडेल, तितक्या तासांचे ठरलेले पैसे मालक दर महिन्याला इंजिन कंपनीकडे किंवा खास संस्थेकडे भरतो. ओव्हरहॉलची वेळ आली की खर्च त्या जमेतून होतो. आपल्या भिशीसारखीच ही योजना. विमान विकले तर ही जमा बहुधा नव्या मालकाच्या नावे वळवता येते. म्हणून अशा योजनेतील विमानाला भाव जास्त मिळतो. मात्र हप्ते खरोखर भरलेले आहेत का, हे त्या संस्थेकडून लेखी मागवतात, विकणाऱ्याच्या शब्दावर सोडत नाहीत.

बनवणारी कंपनी जिवंत आहे का, तेही पाहतात. एक्लिप्स नावाच्या छोट्या जेटचा फार गाजावाजा झाला होता. पण ती कंपनी २००८ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि विमान घेतलेल्यांना सुटे भाग व दुरुस्तीची चिंता लागली. बंद झालेल्या कंपनीचे मशीन घेणाऱ्या कारागिराने हे लक्षात ठेवावे.

मिस्त्री आपला, पैसा तिसऱ्याकडे

आता सौद्याची पद्धत. प्रथम एक छोटे पत्र होते. त्यात किंमत, इसार आणि तपासणीची जागा ठरते. इसार विकणाऱ्याच्या हाती जात नाही. तो तिसऱ्या तटस्थ संस्थेकडे ठेवतात, आपल्या भाषेत अमानत म्हणून. खरेदीदाराने तपासणीनंतर लेखी पसंती देईपर्यंत तो परत मिळू शकतो.

मग विमान अशा कारखान्यात नेतात, जो त्या विमानाची नेहमीची देखभाल करीत नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्या मिस्त्रीने काल दुरुस्ती केली, तो आज स्वतःच्या कामात खोट काढणार नाही. तपासणीत विमानाच्या फळ्या उघडतात, इंजिनात बारीक दुर्बीण घालून पाती पाहतात, लॉगबुकातील प्रत्येक नोंद प्रत्यक्ष भागाच्या नंबराशी ताडून पाहतात. रिवाज असा की तपासणीचा खर्च खरेदीदाराचा आणि उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंधित दोष निघाले तर त्यांची दुरुस्ती विकणाऱ्याची. खरेदीदार या तपासणीवर हजारो डॉलर खर्च करतो आणि दोष फार निघाले तर सौदा सोडून निघून जातो. तो खर्च वाया गेला असे कोणी मानत नाही.

शेवटच्या दिवशी विकणाऱ्याची सही झालेले विक्रीपत्र आणि खरेदीदाराची पूर्ण रक्कम, दोन्ही तिसऱ्या संस्थेकडे जमा असतात. सगळे पक्ष एकाच वेळी फोनवर येतात. बोजा नसल्याची शेवटची खात्री होते, विक्रीपत्र नोंदीला जाते आणि त्याच क्षणी पैसे मोकळे होतात. कोणाला कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही, म्हणून भांडणही होत नाही.

हे वाचून काही वाचकांना वाटेल की हा परकीयांचा अविश्वासू स्वभाव आहे. आम्हाला तसे वाटत नाही. मालातील दोष सांगून विकणे ही आपल्याकडची जुनीच शिकवण आहे. धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतली ओल दाखवून देणारा आणि ओला माल वर ठेवायला सांगणारा पैगंबर साहेबांचा (स.) प्रसंग आमच्या धान व्यापाऱ्यांना माहीत आहे. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे. आपण तो हक्क वापरत नाही, कारण ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला लाज वाटते. ही लाज महागात पडते.

पांढरी पाटी आणि पिवळी पाटी

परदेशातून विमान आणायचे तर तेथील नोंदणी रद्द होते आणि भारतात व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी नवी नोंदणी मिळते. त्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते. किती जुने विमान आणता येईल यालाही मर्यादा आहे आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे. म्हणून इसार देण्यापूर्वीच त्या दिवशीचा नियम पाहतात.

भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि घरच्या गाडीला पांढरी, हा फरक विमानातही आहे. खासगी नोंदणीचे विमान भाड्याने देता येत नाही. भाड्याने द्यायचे तर वेगळा परवाना आणि त्याची कडक व्यवस्था लागते. करही वेगळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, इतर विमानांवर ५ टक्के. भाड्यासाठी म्हणून करसवलतीत विमान आणायचे आणि स्वतःच वापरायचे, असा प्रकार केल्याच्या आरोपावरून कस्टम्स खात्याने यापूर्वी अनेक मालकांना नोटिसा दिल्या व काही विमाने अडकवून ठेवली. पाटीची चोरी मोठ्यांनाही पचत नाही.

मुंबईतील दोन सौदे

विमानाचे कागद आणि देणी बिघडली की काय होते, याची दोन उदाहरणे मुंबई विमानतळावरच घडली. दोन्ही विमाने उद्योगपती विजय मल्ल्या यांच्याशी संबंधित होती.

पहिले हॉकर जातीचे छोटे जेट. ते मुंबईत पडून राहिले आणि विमानतळाचे शुल्क थकत गेले. अखेर २०१५ मध्ये विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने त्याचा लिलाव केला. कुर्ल्याच्या एका भंगार व्यापाऱ्याने ते सुमारे २२ लाख रुपयांना घेतले. एकेकाळी कोट्यवधींचे असलेले जेट जुन्या ट्रकच्या भावात भंगारात गेले.

दुसरे मोठे एअरबस ए-३१९. सेवाकर खात्याने ते थकबाकीपोटी जप्त केले होते. २०१६ च्या लिलावात राखीव किंमत १५२ कोटी रुपये ठेवली, तर बोली आली जेमतेम एक कोटी नऊ लाखांची. पुढे पुन्हा लिलाव झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये ते सुमारे ३४ कोटी ८० लाखांना विकले गेले. तोवर ते वर्षानुवर्षे उन्हापावसात उभे होते.

उडणाऱ्या, कागदपत्रांनी स्वच्छ विमानाला भाव असतो. उभ्या, देणी चढलेल्या विमानाला वजनाचा भाव मिळतो.

सिहोऱ्यात हे कसे वापरावे?

आता पुन्हा त्या मिनी ट्रककडे येऊ. जेटवाल्यांची पद्धत आपल्या खरेदीला अशी लावता येईल :

१) गाडी पाहण्याआधी आर.सी. मागा. गाडीचा नंबर घेऊन परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव, बोजा, फिटनेस, विमा व कर तपासा. थकलेली चलने पाहा. मोबाइलवर हे काम थोड्या वेळात होते.

२) आर.सी.वर हायपोथिकेशन असेल तर बँकेचे किंवा फायनान्सचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नका. ‘हप्ते संपत आले आहेत’ हे शब्द ऐकून घ्या, पण मानू नका. उरलेले हप्ते थेट फायनान्सच्या खात्यात भरून पावती घेणे सर्वांत चांगले.

३) चॅसी आणि इंजिनाचा नंबर स्वतः आर.सी.शी ताडून पाहा.

४) मिस्त्री आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला हजार-दोन हजार रुपये मेहनताना खुशीने द्या. त्याने ‘नको’ म्हटले तर ते पैसे सर्वाधिक कामी आले असे समजा.

५) इसाराची पावती घ्या. तपासणीत मोठा दोष किंवा कागदात बोजा निघाल्यास इसार परत, हे त्यावर लिहून घ्या. शक्य असेल तर रक्कम दोघांच्या विश्वासातील तिसऱ्या माणसाकडे ठेवा आणि रोखीऐवजी बँकेतून द्या.

६) फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. कोऱ्या फॉर्मवरची सही म्हणजे मालकी नव्हे. विकणाऱ्यानेही हे टाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याची. गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा माणूस नोंदीमुळे अडकू शकतो.

७) खरेदीच्या किमतीइतकाच वर्षभराच्या पाळण्याचा खर्च कागदावर मांडा. टायर, विमा, फिटनेस, चालक, दुरुस्ती. गाडी चालेल त्या प्रत्येक किलोमीटरमागे काही रक्कम इंजिनासाठी बाजूला टाका. ही तुमची इंजिनाची भिशी.

त्या धान व्यापाऱ्यांना आम्ही हेच सांगितले. ते म्हणाले, “साहेब, विकणारा आमच्या ओळखीचा होता, त्याला कागद कसा मागणार?” आम्ही म्हणालो, ओळख टिकावी म्हणूनच मागायचा. कागद मागितल्याने ओळख तुटत नाही, पैसे बुडाल्याने तुटते. आज त्यांच्याजवळ गाडीही नाही आणि तो मित्रही नाही.

त्यांनी या हंगामात पुन्हा एक जुनी गाडी पाहिली आहे. या वेळी त्यांनी आधी आर.सी.ची नक्कल मागवली आणि तुमसरचा मिस्त्री ठरवला. गाडीवर बोजा निघाला. विकणाऱ्याने तो फेडून कागद आणला तर सौदा होईल, नाही तर होणार नाही. सिहोऱ्याच्या एका दुकानात बसून त्यांनी जेटवाल्यांचेच काम केले आहे आणि त्याला खर्च आला तो मिस्त्रीच्या मेहनतान्याचा.